सवयीचा हात आणि नवी प्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नित्याचा आधार संपला, आणि विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर चालत नाही. मग सिरसाळ्यातील एखाद्या निवृत्त गुरुजींनी आपला धडधाकट संगणक भंगारात घालावा काय? मुळीच नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेल्या लिनक्सवर उभ्या असलेल्या कित्येक प्रणाली विनामूल्य मिळतात. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ ही तशीच प्रणाली सिद्ध केली आहे.

खरी अडचण यंत्राची नसून सवयीची आहे. म्हणून घाई करू नये. प्रथम छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून पाहावे. ते संगणकात बसविल्यावाचून जुने काही पुसले जात नाही. प्रिंटर चालतो ना, हे तेव्हाच पाहावे. इनस्क्रिप्टची अक्षररचना दोहींकडे एकच असल्याने त्या पद्धतीने मराठी लिहिणाऱ्यास बोटे नव्याने वळवावी लागत नाहीत.

आणि शिकविणाऱ्याने माउस आपल्या हाती घेऊ नये. गुरुजींनी आमचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली, तेव्हा पेन्सिल आमच्याच बोटांत होती.