इंजिन शिट्टी मारते? पार्ट बदलण्याआधी कारण शोधा
— ऊस विकास अधिकारी



उसाचा पोंगा वाळलेला दिसला की आपण लगेच औषध मारीत नाही. आधी तो उपटून पाहतो. सहज निघून आला आणि कुजका वास आला, तर खोडकिडा समजतो. गाडीचेही तसेच आहे. जीप, कार वा पिकअपच्या इंजिनातून शिट्टी येऊ लागली की काहीजण दुर्लक्ष करतात, तर काहीजण फिटर म्हणेल तो पार्ट बदलतात. दोन्हीत नुकसान आपलेच.

प्रथम, आवाज केव्हा येतो ते पाहा. गाडी उभी असताना इंजिन रेस केल्यावर येत नाही, फक्त पळताना येतो, तर दरवाज्याचे रबर किंवा टपावरचे कॅरिअर तपासा. उभ्या गाडीतही येत असेल, तर पुढीलप्रमाणे शोध घ्यावा.

१) पट्टा : सकाळी गार इंजिनाला किंवा पावसाळ्यात आवाज येतो आणि हेडलाइट लावताच वाढतो, तर बहुधा पट्टा घसरतो आहे. चालू इंजिनाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर लांबून थोडे पाणी शिंपडावे. आवाज वाढला तर पट्टा ढिला. थोडा वेळ थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाही. हे करताना उपरणे, धोतराचा सोगा, सैल बाही पट्ट्यापासून दूर ठेवा. बऱ्याच गाड्यांत याच पट्ट्यावर वॉटर पंप चालतो. पट्टा तुटला की इंजिन तापते आणि हेडचे पॅकिंग जाते. थोडक्या खर्चाचे काम मग फार महागात पडते.

२) बेअरिंग : आवाज एकसारखा असून इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो. इंजिन बंद करून, पट्टा उतरवून अल्टरनेटर, वॉटर पंप व टेन्शनरची पुली हाताने फिरवा. खरखर लागली वा पुली हलली, तर तेच बेअरिंग गेले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात खाऱ्या हवेने पुल्या आणि क्लिपा लवकर गंजतात. तेव्हा आपल्याकडे ही तपासणी अधिक वेळा करावी.

३) हवेची गळती : पेट्रोल गाडी उभी असताना बारीक ‘सूं’ आवाज येतो आणि इंजिन वरखाली होते, तर हवेचा पाइप तडकला असेल. संशय आलेल्या जागी साबणाचे पाणी लावा. इंजिनाची चाल बदलली तर गळती तिथेच. पेट्रोल किंवा रॉकेल मारून पाहू नये, आग लागेल. टर्बो असलेल्या डिझेल गाडीची थोडी शिट्टी नेहमीचीच असते. पण ती एकाएकी वाढली, ओढ कमी झाली व काळा धूर आला, तर टर्बोपुढचा पाइप आणि क्लिपा पाहाव्यात. एअर फिल्टरच्या पुढे फट पडली तर धूळ न गाळता आत जाते आणि लायनर-पिस्टन झिजतात. ट्रॅक्टरलाही हे लागू आहे.

४) ब्रेक : पेडल दाबताच ‘सुस्स’ आवाज येतो आणि पेडल कडक लागते, तर ब्रेकचा बूस्टर किंवा त्याचा पाइप गळतो आहे. अशी गाडी ताम्हिणी, वरंधा किंवा आंबेनळी घाटात मुळीच नेऊ नये. दुरुस्तीशिवाय रस्त्यावरच काढू नये.

५) सायलेन्सर : गार इंजिन चालू करताच टिकटिक वा शिट्टी येते आणि सांध्यावर काजळी दिसते, तर पॅकिंग फुंकले आहे. हा धूर गाडीत शिरला तर बिनवासाचा विषारी वायू जीव घेऊ शकतो. काचा बंद करून गाडी चालू ठेवू नये.

६) रेडिएटर : इंजिन बंद केल्यावर शिट्टी आली, तर झाकणातून वाफ निघत असेल. तापलेले झाकण उघडू नका, चेहरा भाजेल. गार झाल्यावर पाणी पाहा.

ऊसतोडीच्या दिवसांत याचे महत्त्व जास्त. तोडलेला ऊस वाहन बंद पडून वाटेत राहिला, तर वजन घटते आणि साखरही उतरते. तरी सभासद बंधूंनी तोड सुरू होण्यापूर्वी आपापल्या वाहनांचे पट्टे, पाइप आणि क्लिपा एकदा पाहून घ्याव्यात. फिटरकडे जाताना आवाज केव्हा येतो, केव्हा थांबतो, हे कागदावर लिहून न्यावे. निम्मे निदान तिथेच होते.