छंदाचं वय

समजा, बारामतीचा तेवीस वर्षांचा मुलगा दर रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला जातो. उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित मोजतो, वहीत आकडे लिहितो. घरचे म्हणतात, "आता तरी मोठा हो!"

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. मोठं होणं म्हणजे जबाबदारी घेणं. आवड टाकणं नव्हे. द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. नोकरी सांभाळून आकड्यांशी खेळत राहिले. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा, कमी पडला तर शून्य धरा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. हे त्यांना १९४९ साली सापडलं, वयाच्या चव्वेचाळिशीत.

"उपयोग काय?" अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, सगळंच दुसऱ्या कशासाठी तरी केलं, तर साखळीला शेवटच नाही. काही गोष्टी त्यांच्याचसाठी करायच्या असतात.

मात्र त्या मुलानं स्वतःला विचारावं : मी नोकरीचा अर्ज भरून भिगवणला जातो, की अर्ज टाळायला? टाळायला जात असेल, तर दोष टाळाटाळीचा आहे; दुर्बिणीचा नाही.