बाजेचा खूर

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पडवीत उभी करून ठेवलेली जुनी बाज घरच्यांनी आत आणली. आम्ही त्या दिवशी सहज त्या घरी गेलो होतो. आजी म्हणाल्या, "बसा, पण त्या कोपऱ्यावर नका बसू. तो खूर लुळा आहे."

आम्ही वाकून पाहिले. खुराखाली वीट सरकवली होती. सांध्याला सुंभाचे चार वेढे दिले होते. या बाजेवर बाळंतीण निजणार, कुशीत तान्हे बाळ. आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी! (धुराने बाळाला त्रास होतो. शेगडी नसलेलीच बरी. पण तो विषय वेगळा.) रात्री कूस बदलताना वीट निसटली तर काय होईल?

"एक खिळा मारला की झालं," लेकीचे वडील म्हणाले. आम्ही म्हटले, "दादा, खिळा नको." का नको, ते सांगतो.

जुन्या बाजेत खिळा नसतो. चार खूर आणि चार आडवी लाकडे, एवढाच तिचा सांगाडा. आडव्या लाकडाचे टोक कोरून बारीक केलेले असते. सुतार त्याला कूस म्हणतात. ही कूस खुराच्या भोकात बसते. वरून विणलेली दोरी चारही लाकडांना आत ओढून धरते. दोरी सैल झाली की सांधेही ढिले पडतात.

दुसरे कारण हवेचे आहे. पावसाळ्यात लाकूड ओल पिते आणि फुगते. भोकातल्या कुशीला फुगायला जागा नसते. मग तिच्या कडा चेपतात. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पण चेपलेली कड भरून येत नाही. दर वर्षी कूस थोडी थोडी सैल होते. त्यात आपण बाज उचलून न नेता फरफटत नेतो. सगळा जोर खुरावर येतो. अशा सांध्यात खिळा मारला तर खूर चिरतो. पुढे खिळा गंजतो, हलतो आणि भोक आणखी मोठे करतो.

म्हणून आधी रोग ओळखावा. बाज धरून लांबीच्या बाजूने हलवावी, मग रुंदीच्या बाजूने. कोणता सांधा उघडतो ते दिसते. मग दाभण घेऊन खूर टोचून पाहावा. तळाशी जरूर टोचावे. ओल्या जमिनीचे पाणी खुराच्या तळातूनच वर चढते. दाभण लोण्यात शिरावी तशी शिरली, तर लाकूड कुजले आहे. खाली बारीक पीठ पडत असेल, तर आत किडा आहे. मातीच्या नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे. असा खूर दुरुस्त करत बसू नये, बदलावा.

त्या घरचा खूर ठणठणीत निघाला. फक्त कूस सैल होती. दोरी सोडली, बाज उलटी केली. लाकडी मोगरीने ठोकून सांधा सोडवला. मळ खरवडून काढला. कुशीच्या टोकाला करवतीने एक चीर दिली. कूस सरस लावून परत भोकात बसवली. तिचे टोक खुराच्या पलीकडच्या बाजूला दिसत होते. त्या चिरेत वाळलेल्या लाकडाची पाचर ठोकली. सरस नसेल, तर दुकानातला पांढरा फेविकॉल चालतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. खुराच्या रेषा उभ्या असतात. पाचर त्या रेषांना आडवी बसली पाहिजे. उभी बसवली, तर काय होईल? सरपण फोडताना आपण कुऱ्हाड रेषेच्या दिशेनेच घालतो ना? तसाच खूर दोन फाक होईल. आडवी पाचर कुशीला वर आणि खाली दाबते, तिथे खूर सहसा फाटत नाही. मात्र कुशीतली चीरही त्यासाठी आडवीच द्यावी लागते.

नवा खूर करायचा असेल, तर जुना टाकून देऊ नका. तोच माप आहे. दोन भोके एकाच उंचीवर आहेत की वरखाली, ते त्यावरून कळते. लाकूड सागाचे किंवा बाभळीचे घ्यावे, पण वाळलेले. ओले लाकूड स्वस्त पडते, पण वाळताना आकसते आणि तडकते. मग पुन्हा तीच कुरकुर. खुराच्या तळाला डांबर लावावे, म्हणजे ओल कमी चढते.

तळ दोनच इंच कुजला असेल, तर चारही खूर सारखे कापता येतात. पण घरात म्हातारे माणूस असेल, तर विचार करा. फार ठेंगण्या बाजेवरून त्यांना उठता येत नाही. बसल्यावर पाय जमिनीला सपाट टेकावेत आणि गुडघे वर येऊ नयेत, एवढी उंची हवी.

लोखंडी कॉटचा पाय तळाशी गंजतो. तो वेल्डिंगवाल्याकडे न्यावा. वीट त्यालाही नको.

सरस रात्रभर वाळू दिला. वाळायला ठेवण्याआधीच एक सुतळी घेऊन कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतले होते. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचे. दोन्ही मापे सारखी, म्हणजे चौकट काटकोनात. सकाळी बाज सपाट फरशीवर ठेवली, तर एक खूर किंचित अधांतरी. तिवई कधी डुगडुगत नाही, कारण तीन पाय नेहमी टेकतात. चौथा पाय आला की डुगडुग आली. लांब खूर थोडा तासून ती काढली.

मग दोरी विणली, पायताशी ताणून बांधली. आधी दादा स्वतः चारही कोपऱ्यांवर बसले. नंतर आजी बसल्या. बाज कुरकुरली नाही. आजींनी वीट उचलली आणि परसात नेऊन न्हाणीच्या कडेला लावली. दादांना आम्ही सांगून ठेवले, पाऊस सरला की दोरी पुन्हा एकदा ताणा.