किती जेवायचं, हे कोणी ठरवावं?
‘आमचं मूल काही खातच नाही’ ही घरोघरची तक्रार. पण लहान मुलांना आपली भूक बरीच कळते. अमेरिकी संशोधक लीअ‍ॅन बर्च आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं मोजलं; एकेका जेवणात मोठे चढउतार होते, दिवसाची बेरीज मात्र बरीचशी स्थिर होती. २००० मधल्या आणखी एका प्रयोगात ताटात जास्त वाढलं तरी तीन वर्षांची मुलं तेवढंच जेवली, पाच वर्षांची मात्र जास्त. म्हणजे वय वाढतं तसं पोटापेक्षा ताट वरचढ ठरू लागतं. मोबाइल दाखवून भरवणंही पोटाकडचं लक्ष उडवतं.

‘जास्त खाल्लं तरी खेळलं की जिरतं’ हे अर्धसत्य आहे. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांना रोज १८० मिनिटं हालचाल सुचवते. ती हवीच, पण गोड पेयाचे चार घोट जी ऊर्जा देतात ती खर्चायला बराच वेळ लागतो. भूक काही अंशी आनुवंशिक असते, हे खरं. म्हणूनच खादाड मुलाच्या घरात काय ठेवायचं याला महत्त्व. उलट, वजन वाढतच नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. बळजबरी हा त्यावर उपाय नव्हे. काय आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावं. किती, हे मुलावर सोडावं.