यादी न लागलेली दिवाळी

यंदा आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर दिवाळी अंकांची यादी लागली नाही. ‘प्रतिसादाअभावी योजना स्थगित’ एवढीच ओळ खडूनं लिहिलेली. त्याच आठवड्यात, 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन झाला. डॉ. कलामांच्या प्रतिमेला हार घातला, शाळेतून आणलेल्या मुलांच्या हाती पुस्तकं दिली, फोटो काढले आणि पुस्तकं परत घेऊन कपाटाला कुलूप लावलं. त्यातल्या एकाही मुलाला सभासद करून घेतलं नाही. हे फार लागलं, म्हणून लिहिते आहे.

वाचनालयानं शंभरी ओलांडली आहे. सुरुवातीच्या काळातले अध्यक्ष, देणगीदार, कोनशिला हे सगळं स्मरणिकेत आहे, तिथंच राहू दे. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदान आलं, वर्ग ठरले, नोंदवह्या वाढल्या. माझं वाचनालय मात्र 1982 ते 1992 चं.

तेव्हा वर्षाची सुरुवात पाडव्यानंतरच्या वसंत व्याख्यानमालेनं व्हायची. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेला हा प्रघात आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांनीही उचलला होता. अंगणात सतरंज्या, कोपऱ्यात माठ. वक्ते एसटीनं येत आणि कुणाच्या तरी घरी जेवत. एका वर्षी ‘उचल्या’वर व्याख्यान ठेवायचं घाटत होतं. लक्ष्मण गायकवाडांच्या त्या पुस्तकाला नुकताच साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. कार्यकारिणीतल्या एका वजनदार गृहस्थांनी ‘असले विषय बायाबापड्यांसमोर नकोत’ म्हणून तो हाणून पाडला आणि त्या संध्याकाळी एका पुढाऱ्याचा सत्कार झाला. मी ते अजून विसरलेले नाही. कारण ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ यांना सगळ्यात जास्त मागणी आम्हा बायकांचीच होती. ग्रंथपाल बाई ही पुस्तकं टेबलाच्या खणात ठेवत आणि नंबराप्रमाणे काढून देत. पुढे ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा तर नंबर लागायला महिने गेले.

मे महिन्यात मुलांची झुंबड, फास्टर फेणेसाठी भांडणं. श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’, ‘शिवलीलामृत’, ‘हरिविजय’ बाहेर निघत. एरवी ज्या घरातून कुणी फिरकत नसे, तिथली आजी पोथीसाठी नातवाला धाडायची आणि नातू पोथीबरोबर बाबूराव अर्नाळकर घेऊन जायचा. अशा नातवांमधूनच पुढचे कितीतरी सभासद झाले. पावसानं ओल धरलेली पुस्तकं ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर पसरायची, कसर झटकायची, कपाटात नव्या डांबरगोळ्या ठेवायच्या. या कामाला आम्ही कॉलेजची मुलं-मुली हौसेनं जात असू.

आणि मग दिवाळी. गठ्ठे आले की बाई आधी प्रत्येक अंकाच्या पाठीला दाभणानं भोकं पाडून दोरा ओवत, खाकी कागदाचं कव्हर चढवत, आतल्या पानांवर शिक्के मारत. ‘आवाज’च्या खिडक्या देताना मोजत आणि परत घेताना पुन्हा मोजत, कारण एखादी खिडकी हमखास कुणीतरी फाडून ठेवलेली असायची. ‘मौज’, ‘दीपावली’, ‘हंस’, ‘नवल’, ‘धनंजय’, सगळे असत. एका वर्गणीत तीन घरं वाचत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही. अंकांची ही फिरती होळीपर्यंत चाले.

‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारची सकाळ ओस पडू लागली. बाईंनी भांडत न बसता रविवारची वेळ बदलून घेतली. केबल आल्यावर तेवढ्यानं भागलं नाही. बाई निवृत्त झाल्या, व्याख्यानमाला आखडत गेली. पुढच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

आता वर्ष परिपत्रकांवर चालतं. 27 फेब्रुवारी, 15 ऑक्टोबर, अहवाल, फोटो. कुसुमाग्रजांचा किंवा कलामांचा दिवस पाळायला माझी ना नाही. पण श्रावणात पोथी लागते म्हणून ती बाहेर निघायची, सुट्टीत मुलं मोकळी असतात म्हणून बालविभाग जास्त वेळ उघडा राहायचा. तेव्हाचे कार्यक्रम वाचणाऱ्यांच्या गरजेतून आले होते. एका दालनात आज स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. त्या मुलांशी माझं भांडण नाही, घरात जागा नसते म्हणून ती येतात. पण शेजारच्या कपाटातलं पुस्तक त्यांच्या हाती द्यावं, असं वाचनालयात कुणालाच वाटत नाही.

पैशाची अडचण खरी आहे. आपल्या राज्याच्या कायद्यात ग्रंथालय कर नाहीच, सगळी मदार अनुदानावर. 2022 मध्ये ते 60 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, तरी छोट्या वाचनालयातल्या माणसाचा पगार घर चालवण्याजोगा होत नाही. पण ‘प्रतिसादाअभावी’ हा शब्द मला मान्य नाही. गेल्या वर्षी निम्मे अंक भाऊबीज उलटल्यावर आले. लोक कशासाठी वर्गणी भरतील?

वार्षिक सभेत मी लेखी देणार आहे: पुढच्या वर्षी अंक वसुबारसेच्या आत टेबलावर हवेत, वर्गणी वाढवावी लागली तर वाढवा, आणि प्रेरणा दिनाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच दिवशी कार्ड करून द्या. त्या पहिल्या कार्डांची अनामत मी भरते.