बंद मशीनचा हिशेब

प्रेस शॉपमध्ये डाय बदलायला घेतली की मशीन थांबतं आणि माणसांची धावपळ सुरू होते. सेटर जुन्या डायचे बोल्ट सोडवतो, हेल्पर क्रेनची वाट बघतो, नवी डाय अजून स्टोअरमध्येच असते आणि नेमक्या मापाचा पाना कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नसतं. डाय बसली की पॅकिंगच्या पट्ट्या घालून उंची जुळवायची, एक नग काढून तपासायला द्यायचा, बर दिसली की पुन्हा बोल्ट सैल करायचे. जुन्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या जॉबच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंत जातो तो सगळा सेटिंगचा वेळ. कारखान्यातला माल किती साठतो, पैसा किती अडकतो, ऑर्डर किती उशिरा निघते हे बऱ्याच अंशी या वेळेवर ठरतं. तरीही उत्पादनाचं नियोजन करणारे तो अटळ समजून चालतात, आणि चूक तिथेच होते.

समजा, सेटिंगला चार तास लागतात. लॉट 1,000 नगांचा असेल तर प्रत्येक नगावर सेटिंगचे 14.4 सेकंद पडतात. 10,000 नगांचा असेल तर जेमतेम दीड सेकंद. सुपरवायझर मोठा लॉट का मागतो, हे यावरून कळतं. सेटिंगचा खर्च आणि साठा सांभाळण्याचा खर्च यांचा तोल साधणारं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये मांडलं. त्या गणितात खोट नाही. सेटिंगचा खर्च एक चतुर्थांश झाला तर किफायतशीर लॉट निम्म्यावर येतो, हेही तेच सूत्र सांगतं. पण सूत्र वापरणारे सेटिंगचा आकडा आहे तसा भरतात आणि बाकीचं त्याच्याभोवती जुळवतात. मग बिनांच्या रांगा लागतात. डायची धार गेल्याचं पुढच्या ऑपरेशनला कळेपर्यंत हजारो नग निघून गेलेले असतात.

हा आकडा हलवता येतो, हे शिगेओ शिंगो यांनी जपानमध्ये दाखवलं. 1950 मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्योमध्ये, म्हणजे आजच्या माझ्दामध्ये, 800 टनांच्या प्रेसवर डाय बदलताना एक बोल्ट सापडेना आणि तो मिळेपर्यंत प्रेस बंद राहिला. त्यातून त्यांनी कामाचे दोन भाग पाडले: मशीन बंद असतानाच करता येणारी कामं आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कामं. डाय, पाना, बोल्ट आधीच ट्रॉलीवर हजर ठेवणं दुसऱ्या भागातलं. पहिल्या भागातही बरंच वाचतं. बोल्टच्या पंधरा आट्यांपैकी घट्ट धरण्याचं काम शेवटच्या वळशात होतं. तिथे झटपट क्लॅम्प चालतो. सगळ्या डायची उंची सारखी केली तर पॅकिंगची गरजच उरत नाही. 1969 मध्ये टोयोटात 1,000 टनांच्या प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं. तीन मिनिटांत 125 नगांच्या लॉटलाही नगामागे तेवढेच 1.44 सेकंद पडतात, जे पूर्वी 10,000 नगांना पडत होते.

यावर कामगारांचा आक्षेप रास्त आहे: घड्याळ लावून अभ्यास झाला की आधी टार्गेट वाढतं, मग हेल्पर कमी होतो. वाचलेला वेळ असा वापरला, तर सेटर आपल्या युक्त्या पुन्हा कधी सांगणार नाही. तो वेळ जास्त नग काढण्याऐवजी जास्त वेळा डाय बदलण्यात घालवला, तरच लॉट लहान होतो. दुसरा आक्षेप भोसरी-चाकणच्या छोट्या जॉबवर्क शॉपचा: एवढा खर्च कुणाला परवडतो? डायची उंची सारखी करायला पैसे लागतात, हे खरं. पण मशीन चालू असताना करता येणारं काम वेगळं काढायला एक ट्रॉली आणि एक यादी पुरते. वर्षभर एकाच प्रकारचा नग काढणाऱ्या प्रेसला मात्र यातून काहीच मिळणार नाही. रोज जॉब बदलणाऱ्या शॉपने तासाला किती नग निघाले याच्याइतकंच दोन चांगल्या नगांमध्ये मशीन किती वेळ बंद होतं, हेही बोर्डावर लिहावं. मोठा लॉट लावायचा की नाही, ते त्या आकड्यावर ठरावं.