बिटकॉइनचं जाळं नेमकं केवढं? डोंबिवलीतला कॉम्प्युटर नकाशावर का दिसत नाही?

2018 साली ठाणे पोलिसांनी 'मनी ट्रेड कॉइन' नावाच्या आभासी चलनाच्या प्रकरणात फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. गुंतवणूकदारांना मोठ्या परताव्याचं आमिष दाखवल्याचा आरोप होता. 'नवीन कॉइन आलंय, लवकर घ्या' असे मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही फिरतात. कॉइनचा भाव काय, हे सगळेच विचारतात. ते चालतं कुणाच्या कॉम्प्युटरवर, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

खरं तर महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. सगळा हिशेब एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर आकडे बदलणं त्याच कंपनीच्या हातात राहतं. बिटकॉइनची खातेवही मात्र जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी असते. पण हे 'हजारो' मोजले कुणी?

हजेरीपट नाही, मग मोजणी कशी?

बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या अशा कॉम्प्युटरला 'नोड' म्हणतात. मोबाइलमधल्या एक्स्चेंजच्या ॲपवरून कॉइन घेतलं म्हणजे तुमचा फोन नोड झाला, असं नाही. पूर्ण नोडला 600 जीबीपेक्षा मोठी खातेवही स्वतः तपासावी लागते. त्यामुळे भारतात कॉइन घेणारे कितीही असले, तरी त्यावरून इथे नोड किती हे कळत नाही.

नोडची नोंदणी कुठेच होत नाही. मग 'बिटनोड्स'सारखे प्रकल्प एक सोपी युक्ती वापरतात. एका नोडला जोडून घ्यायचं आणि विचारायचं, 'तुला आणखी कोण माहीत आहे?' तो एका वेळी जास्तीत जास्त 1000 पत्ते देतो. मग त्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन पुन्हा तोच प्रश्न. जो उत्तर देईल तो मोजायचा, कारण मिळालेल्या यादीत कधीच बंद पडलेले पत्तेही भरपूर असतात. अशा मोजणीतून गेल्या काही वर्षांत साधारण 10 हजार ते 25 हजार नोड सापडत आलेत.

दार न उघडणारे नोड

पण हे फक्त दार उघडणारे नोड झाले. बाहेरून येणारी जोडणी स्वीकारायला बिटकॉइनचा नोड सहसा 8333 क्रमांकाचं पोर्ट वापरतो. घरचा राउटर बाहेरची जोडणी आत येऊ देत नाही. त्यात काही इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटतात. म्हणजे सोसायटीचा पत्ता एक, फ्लॅट शेकडो आणि गेटवर इंटरकॉम नाही. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरच्याला तो कुठल्या फ्लॅटमध्ये राहतो ते कळत नाही. डोंबिवलीतल्या घरात चालणारा नोड असा असेल, तर तो इतरांशी व्यवस्थित बोलतो, पण मोजणीत येत नाही.

मग त्यांचा अंदाज कसा लावायचा? ठाण्याच्या मासुंदा तलावात मासे किती, हे तलाव न उपसता कसं सांगाल? समजा, 100 मासे पकडून खूण करून सोडले. काही दिवसांनी 80 पकडले आणि त्यात खूण असलेले 20 निघाले. म्हणजे चारातला एक खुणेचा, तर तलावात साधारण 400 मासे. संशोधकही असंच करू शकतात. स्वतःचे दोन-तीन उघडे नोड ठेवायचे आणि प्रत्येकाकडे कोण-कोण जोडायला येतं, त्या याद्यांमध्ये किती नावं समान आहेत ते बघायचं.

गोची अशी की माशाची खूण टिकते, घरच्या कनेक्शनचा पत्ता टिकत नाही. राउटर बंद-चालू केला की एकच नोड दोनदा मोजला जाऊ शकतो. उलट, एका सामायिक पत्त्यामागचे चार नोड एकच वाटू शकतात. म्हणून लपलेल्या नोडचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत आणि ते तसेच वाचायला हवेत.

मुंबई की डोंबिवली?

नोडचं ठिकाण ठरतं ते आयपी पत्त्यावरून, पण आयपी पत्ता म्हणजे काही पिनकोड नव्हे. कंपनीचं मोठं केंद्र जिथे असेल, तिथलं शहर डेटाबेसमध्ये लागू शकतं. त्यामुळे कल्याणचा ग्राहक खुशाल 'मुंबई' म्हणून नोंदला जातो. देश बहुतेक वेळा बरोबर येतो, शहरावर मात्र पैज लावू नये. शिवाय बिटनोड्सला सापडणारे निम्म्याहून जास्त नोड अलीकडे 'टॉर' या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावर आहेत. त्यांचा देशच कळत नाही. तेव्हा 'अमेरिकेत इतके टक्के, जर्मनीत इतके' असं वाचलं, तर ते टक्के टॉर धरून काढलेत की वगळून, हे आधी पाहायचं.

डेटाबेस किती गोंधळ घालू शकतात, हे 2016 मध्ये अमेरिकेत उघड झालं. फक्त 'अमेरिका' एवढंच ठाऊक असलेले 60 कोटींहून अधिक पत्ते मॅक्समाइंड या कंपनीने देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर ठेवले होते. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतात निघाला. तिथे राहणाऱ्या कुटुंबांच्या दारात चोर शोधत पोलीस येत राहिले. सीआयएच्या 'वर्ल्ड फॅक्टबुक'मध्ये भारताचं स्थान 20 अंश उत्तर, 77 अंश पूर्व असं दिलं होतं. कुणी तोच बिंदू वापरला, तर डोंबिवलीतला नोड नकाशावर थेट वाशिमजवळ उगवेल.